काँक्रीटचं आयुष्य बाहेरच्या इंचभरात

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीखाली उभं राहून वर पाहा. बाल्कनीच्या तळाचा गिलावा फुगलेला असतो, छज्ज्याला सळीच्या रेषेत चीर गेलेली असते, जिन्याखालचे पोपडे पडून तांबूस सळ्या उघड्या पडलेल्या असतात. सोसायटीच्या सभेत निदान ठरलेलं: "बिल्डरनं सिमेंट कमी घातलं." कधी ते खरंही असतं. पण बांधकामाच्या वेळी ज्यांचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुना ठोकळे, ताकदीच्या चाचणीत व्यवस्थित पास झाले, त्या इमारतींचीही हीच गत होते. म्हणजे काँक्रीटची ताकद आणि काँक्रीटचा टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उघड्या हवेतल्या आरसीसी बांधकामाला समुद्राचं मीठ लागलं नाही, कारखान्याचं आम्ल लागलं नाही, तरी ते म्हातारं होतं. त्याचं मुख्य कारण कार्बोनेशन. या विषयावर गेल्या पन्नास वर्षांत जगभर भरपूर काम झालं आहे. त्यातलं काय पक्कं ठरलं, कशावर वाद आहे आणि आपल्या साइटवर त्यातलं किती पोचलं, हे एकत्र पाहण्यासारखं आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. इमारतीचा भार आतलं काँक्रीट पेलतं, पण तिचं आयुष्य ठरवतं ते सळीबाहेरचं इंचभर काँक्रीट. आणि आपली तपासणीची जवळजवळ सगळी व्यवस्था त्या इंचभराकडे पाहतच नाही.

चुना, हवा आणि सळी

सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. त्याच्यामुळे आणि सिमेंटमधल्या सोडियम-पोटॅशियमच्या क्षारांमुळे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतल्या पाण्याचा सामू १२.५ ते १३.५ इतका चढा राहतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. आत पाणी आणि ऑक्सिजन असूनही सळी गंजत नाही ती या थरामुळे. आरसीसीचं सगळं गणित या अदृश्य थरावर उभं आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, ओलाव्यात विरघळतो आणि चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट करतो. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तीच ही अभिक्रिया. किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या चुनेगच्ची भिंती वर्षानुवर्षं कणखर होत गेल्या, त्याही याच अभिक्रियेने. काँक्रीटचंही यात थेट नुकसान होत नाही. साध्या सिमेंटच्या काँक्रीटचा पृष्ठभाग उलट थोडा कठीणच होतो. बिघडतं ते पोलादाचं. चुना संपला की सामू ९ च्या खाली येतो, सळीवरचा थर टिकत नाही आणि गंजाला वाट मोकळी होते.

हे डोळ्यांनी पाहण्याची सोय स्वस्त आणि सोपी आहे. बाल्कनीच्या कडेचा तुकडा छिन्नीने ताजा फोडायचा, धूळ झटकायची आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारायचं. आतला भाग क्षणात गडद गुलाबी होतो, बाहेरचा पट्टा तसाच राखाडी राहतो. त्या राखाडी पट्ट्याची जाडी म्हणजे कार्बोनेशनची खोली. सळी गुलाबी भागात असेल तर अजून सुरक्षित आहे. राखाडी रेघ सळीला टेकली असेल, तर तिचं संरक्षण संपलं. पुष्कळदा एकाच तुकड्यात ही रेघ वाकडीतिकडी धावते: जिथे काँक्रीट नीट ठोकलं गेलं तिथे ५ मिलिमीटर, शेजारच्या पोकळीपाशी २५. सरासरी काढून समाधान मानणारा इथे फसतो. सळी गंजते ती सर्वांत खोल गेलेल्या जागी.

वर्गमुळाचा हिशेब

कार्बोनेशनचा वेग सारखा नसतो. वायूला दर वर्षी आधीच्या वर्षापेक्षा लांबचा प्रवास करावा लागतो, म्हणून खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या दहा वर्षांत १० मिलिमीटर गेलं, तर पुढचे १० गाठायला आणखी तीस वर्षं लागतात. प्रत्यक्ष पावसापाण्यात आकडे इकडेतिकडे होतात, पण अंदाजासाठी हा नियम जगभर वापरला जातो.

त्यातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष फार मोठा आहे. समजा एखाद्या काँक्रीटचा गुणांक ४ आहे, म्हणजे पहिल्या वर्षी ४ मिलिमीटर. सळीवर २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीबाहेरचं काँक्रीट, असेल तर हवा तिथे पोचायला २५ वर्षं लागतील. ३० मिलिमीटर असेल तर ५६. आणि नकाशावर २० लिहून साइटवर १० च मिळालं असेल, तर जेमतेम सहा. कव्हर निम्मं झालं की आयुष्य निम्मं होत नाही, चौथाई होतं. टिकाऊपणाच्या सगळ्या शास्त्रातून इंजिनिअरने एकच वाक्य पाठ करायचं ठरवलं, तर हे करावं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे, त्याचं काय? १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होतं, आज ते ४२० च्या वर आहे. इथेही संबंध वर्गमुळाचाच असल्याने या वाढीने कार्बोनेशनचा वेग साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. दुर्लक्ष करण्याजोगी ही बाब नाही. पण स्लॅबवर पुरेसं पाणी न मारल्याने होणारं नुकसान याच्या कित्येक पट असतं.

पाणी दोन्हीकडून

कार्बोनेशनला फार ओलं काँक्रीट चालत नाही, कारण छिद्रं पाण्याने भरली की वायूची वाट बंद होते. कार्बन डायऑक्साइड हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारावा वेग त्याला पाण्यात मिळतो. अगदी कोरड्या काँक्रीटमध्येही अभिक्रिया मंदावते, कारण विरघळायला ओलावा लागतो. सर्वांत वेगवान कार्बोनेशन ५० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत होतं. गंजाचं मात्र याच्या उलट आहे. सळी गंजायला भरपूर ओल हवी, ९० टक्क्यांच्या आसपास.

म्हणून नेहमी कोरड्या राहणाऱ्या दिवाणखान्यातलं काँक्रीट सळीपर्यंत कार्बोनेट झालं तरी वर्षानुवर्षं काही होत नाही. कायम पाण्याखाली असलेल्या पायातही कार्बोनेशन नगण्य राहतं. धोका असतो आलटून-पालटून भिजणाऱ्या आणि वाळणाऱ्या भागांना. छज्जे, बाल्कन्या, पॅरापेट, उघडे जिने, पाण्याच्या टाकीचे खांब या यादीत सगळ्यात वर येतात.

आपली हवा या दृष्टीने कठोर आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात वर्षातले सात-आठ महिने काँक्रीट वाळलेलं असतं आणि हवा आत सरकत राहते. मग जून उजाडतो आणि पुढचे चार महिने तेच काँक्रीट ओलं राहतं. कोरड्या ऋतूत दार उघडतं, पावसाळ्यात गंज आत येतो. मुंबई-कोकणात पावसाचा मारा कितीतरी जास्त आणि त्यात खारी हवा. युरोपात काढलेली कोष्टकं इथे जशीच्या तशी वापरू नयेत, ती यासाठी.

गंज ते चीर

स्वीडनमधले संशोधक क्योस्ती तुत्ती यांनी १९८२ मध्ये या सगळ्या प्रवासाचे दोन टप्पे पाडले आणि ती मांडणी आजही पाया मानली जाते. पहिला टप्पा कार्बोनेशन सळीपर्यंत पोचेपर्यंतचा. या काळात बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरा टप्पा गंज सुरू झाल्यापासून चीर पडून काँक्रीट सुटेपर्यंतचा. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असतं, त्यामुळे आतून दाब येतो. चीर पडायला सळीचा किती भाग गंजावा लागतो? प्रयोगांतून आलेलं उत्तर १५ ते ५० मायक्रॉन आहे. म्हणजे जास्तीत जास्त मिलिमीटरचा विसावा भाग!

या आकड्याला दोन बाजू आहेत. सळीच्या रेषेत पहिली बारीक चीर दिसते तेव्हा सळीची ताकद जवळपास शाबूत असते, म्हणजे घाबरून इमारत पाडायचं कारण नसतं. पण ती चीर म्हणजे पहिला टप्पा केव्हाच संपल्याची पावती असते. चीर पडली की पाणी आणि हवा थेट सळीवर येतात आणि पुढचं फार भरभर घडतं.

छज्जा आणि बाल्कनीत धोका आणखी वाढतो. एका बाजूने आधार असलेल्या या भागांत मुख्य सळी वरच्या अंगाला असते, म्हणजे पाणी साचतं त्याच बाजूला. काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायाखाली ती दबून खाली गेली तर भार पेलण्याची क्षमता घटते, वर राहिली तर कव्हर कमी पडतं. सळीखाली नीट खुर्च्या लावणं एवढंच यावर उत्तर आहे, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

मीठ हा वेगळा शत्रू

समुद्रालगतच्या पडझडीला सरसकट कार्बोनेशन म्हणणं चूक आहे. क्लोराइड सामू कमी न करताच सळीवरचा थर जागोजाग फोडतं आणि गंज पसरण्याऐवजी खोल खड्डे पाडतं. ठाणे खाडीवरचा पहिला वाशी पूल १९७३ मध्ये सुरू झाला. आतल्या ताणलेल्या पोलादी तारांना गंज लागला आणि १९९० च्या दशकात शेजारी दुसरा पूल उभारावा लागला. मुंबईतल्या अनेक जुन्या इमारतींत खाडीची वाळू न धुता वापरली गेली, म्हणजे मीठ बाहेरून यायची गरजच राहिली नाही.

हे दोन शत्रू एकमेकांना मदतही करतात. सिमेंटच्या घटकांनी काही क्लोराइड स्वतःत बांधून ठेवलेलं असतं. कार्बोनेशन पोचलं की ते पुन्हा मोकळं होतं. त्यामुळे किनारपट्टीवर फिनॉल्फ्थॅलीनची आणि क्लोराइडची अशा दोन्ही चाचण्या कराव्या लागतात. गुलाबी रंग आला म्हणून निश्चिंत होऊ नये.

कोड काय सांगतो, साइट काय करते

आपला काँक्रीटचा कोड म्हणजे आयएस ४५६. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत आरसीसीला एम १५ दर्जाचं काँक्रीट चालत असे, आणि स्लॅबला १५, बीमला २५ मिलिमीटर कव्हर पुरत असे. ८० आणि ९० च्या दशकांतल्या बहुतेक इमारती याच हिशेबाने उभ्या राहिल्या. २००० च्या आवृत्तीने वातावरणाचे पाच वर्ग पाडले आणि टिकाऊपणाला स्वतंत्र महत्त्व दिलं. मध्यम वर्गाला किमान एम २५, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.५० आणि कव्हर ३० मिलिमीटर. जोराचा पाऊस, भिजणं-वाळणं किंवा किनारपट्टी असेल तर एम ३०, ०.४५ आणि ४५ मिलिमीटर. युरोपीय मानकाने कार्बोनेशनसाठी वेगळे चार वर्ग केले आणि त्यात भिजणं-वाळणं हा सर्वांत कडक धरला. आपल्या कोडमध्ये असा स्वतंत्र वर्ग नाही, पण त्यातले आकडे पाळले तरी पुष्कळ साधेल.

अडतं ते पाळण्यापाशी. प्रत्यक्ष कव्हर ठरल्यापेक्षा १० मिलिमीटरपर्यंत जास्त चालेल, कमी अजिबात चालणार नाही, असं कोड स्पष्ट सांगतो. साइटवर मात्र कव्हर ब्लॉकऐवजी सळीखाली खडीचा तुकडा किंवा फरशीचा कपचा सरकवलेला दिसतो. स्लॅब ओतताना तो निसटतो आणि सळी थेट सेंट्रिंगच्या प्लेटवर टेकते. गिलावा झाल्यावर हा दोष झाकला जातो आणि वीस वर्षांनी बाहेर येतो.

दुसरी गोष्ट पाणी मारण्याची. कोड साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किमान दहा आणि शक्यतो चौदा दिवस सतत ओल ठेवायला सांगतो. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवलं जातं, ते ठीक. पण कॉलमला, बीमच्या बाजूला आणि छज्ज्याच्या तळाला दिवसातून दोनदा पाइपने फवारा मारला की झालं, असं मानतात. उन्हाळ्यात तो तासाभरात वाळतो. ओल तुटली की सर्वांत आधी वाळतो तो पृष्ठभाग, म्हणजे नेमकं कव्हर. आतलं काँक्रीट स्वतःच्या पाण्यावर पक्व होतं, बाहेरचं सच्छिद्र राहतं. आणि क्यूबचं काय? तो २८ दिवस पाण्याच्या टाकीत सुखाने पडून असतो. त्याचा निकाल आतल्या काँक्रीटबद्दल थोडंफार सांगतो, कव्हरबद्दल काहीही नाही.

सिमेंटही बदललं. ४३ आणि ५३ ग्रेडची सिमेंट आली आणि तीच ताकद कमी सिमेंट व जास्त पाण्यात मिळू लागली. क्यूब पास होतो, पण काँक्रीट आधीपेक्षा सच्छिद्र असू शकतं. बर्कलीचे भारतीय वंशाचे प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी लवकर ताकद मिळवण्याच्या या हव्यासाने टिकाऊपणा गमावला जातो, अशी मांडणी आयुष्यभर केली.

मिश्र सिमेंटचा वाद

आज देशात सर्वाधिक खपतं ते राखमिश्रित पीपीसी. त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. राख चुना वापरून स्वतःचं घट्ट द्रव्य बनवते, त्यामुळे छिद्रं बारीक होतात आणि क्लोराइडला उत्तम अटकाव होतो. पण चुन्याचा साठा कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइडला अडवायला माल कमी उरतो. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरणाऱ्या एलसी-३ या नव्या सिमेंटलाही हाच प्रश्न लागू आहे. स्वित्झर्लंडची लोझान इथली संस्था, आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मद्रास यांनी ते विकसित करण्यात मोठा वाटा उचलला. सिमेंट उद्योगाचं उत्सर्जन कमी करायचं तर या वाटेला पर्याय नाही.

मग जुनंच सिमेंट बरं का? नाही. अभ्यासांचं एकत्रित सांगणं असं, की पाणी कमी ठेवलं आणि चौदा दिवस नीट ओल राखली, तर मिश्र सिमेंटचा तोटा बराच भरून निघतो. राखेची अभिक्रिया मंद असते, तिला ओल जास्त दिवस लागते. या सिमेंटला हलगर्जीपणा कमी सोसतो, एवढाच त्याचा अर्थ. प्रयोगशाळेत जास्त कार्बन डायऑक्साइड सोडून केलेल्या वेगवान चाचण्यांत मिश्र सिमेंट प्रत्यक्षापेक्षा अधिक कमकुवत दिसतं, अशी शंकाही अनेक अभ्यासकांनी घेतली आहे.

त्याहून मूलभूत प्रश्न स्वित्झर्लंडचे उएली आंग्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये उभा केला. कार्बोनेशन सळीपर्यंत पोचलं म्हणजे आयुष्य संपलं, असं धरायचं का? त्यांच्या मते गंजाचा वेग सळीजवळच्या ओलाव्यावर ठरतो. कोरडं राहणारं कार्बोनेट झालेलं काँक्रीट दीर्घकाळ चांगलं राहू शकतं. टाम्पेरे इथल्या अभ्यासकांनी फिनलंडमधल्या काँक्रीटच्या दर्शनी भिंतींच्या पाहण्या तपासल्या, तेव्हा वाऱ्यासोबत येणाऱ्या पावसाचा मारा ज्या बाजूला जास्त तिथे गंजही जास्त, असंच आढळलं. मला हा विचार पटतो, कारण त्यातून सामान्य माणसाच्या हातातला उपाय निघतो: पाणी दूर ठेवा. छज्ज्याच्या तळाला पाणी तोडणारी खाच, गच्चीला उतार, वाहते पन्हाळे, दुरुस्त केलेली गळकी पाइप. पण आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा आहे, म्हणून उघड्या भागांसाठी दुसऱ्या टप्प्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं. तिथे कव्हरला पर्याय नाही.

कार्बोनेशनची एक जमेची बाजूही सांगायला हवी. 'नेचर जिओसायन्स'मध्ये २०१६ साली आलेल्या अभ्यासानुसार, १९३० ते २०१३ या काळात सिमेंटसाठी चुनखडी भाजताना जितका कार्बन डायऑक्साइड सुटला, त्याच्या सुमारे ४३ टक्के इतका वायू सिमेंटच्या वस्तूंनी परत शोषला. जळणाचा धूर यात धरलेला नाही. हे शोषण मुख्यतः गिलावा आणि विटांमधले सांधे यांच्या पातळ थरांत झालं. तिथे सळी नसते, तेव्हा ते व्हावंच. सळीवरच्या कव्हरकडून मात्र ही अपेक्षा करता येत नाही.

ऑडिट आणि दुरुस्ती

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. मुंबईत महापालिका कायद्यानेही ३० वर्षांनंतर इमारत सुरक्षित असल्याचा दाखला लागतो. व्यवस्था चांगली आहे, पण बहुतेक ठिकाणी ऑडिट सुरू होतं ते पडझड दिसल्यावर. तेव्हा उरलेली ताकद मोजणं एवढंच हाती राहतं.

दुरुस्तीतही तीच घाई. सुटलेलं काँक्रीट काढायचं, गंजक्या सळीवर रंग फासायचा, वर गिलावा करायचा आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. खरी दुरुस्ती म्हणजे सळीमागे बोट फिरेल इतकं काँक्रीट फोडणं, गंज पूर्ण घासून काढणं, सळी झिजली असेल तर जोड सळी देणं, मग प्रायमर, पॉलिमर मॉर्टरचे थर किंवा मायक्रो काँक्रीट, त्यावर पुन्हा पाणी, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड अडवणारा पण आतली वाफ बाहेर सोडणारा रंग. हा शेवटचा रंग गंज सुरू होण्याआधी लावला तर सर्वांत जास्त उपयोगी पडतो. नेदरलँड्सचे डी सिटर यांनी १९८४ मध्ये मांडलेला पाचपटीचा ठोकताळा इथे लागू पडतो: बांधताना वाचवलेला एक रुपया वेळीच केलेल्या देखभालीत पाच, दुरुस्तीत पंचवीस आणि पुनर्बांधणीत सव्वाशे होऊन परत येतो.

आता काय करायला हवं

दक्षिण आफ्रिकेत मार्क अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कव्हरच्या काँक्रीटमधून प्राणवायू किती झिरपतो हे मोजणारा निर्देशांक विकसित केला आणि तो राष्ट्रीय महामार्गांच्या पुलांच्या कंत्राटांत आला. स्वित्झर्लंडच्या मानकात रोबेर्तो टोरेंट यांची पद्धत आहे. तिच्यात उभ्या बांधकामावरच कव्हरमधून हवा किती झिरपते ते मोजतात. दोन्हीकडे तत्त्व एकच: जो थर आयुष्य ठरवतो, त्याचीच परीक्षा घ्या आणि बिल त्यावर द्या.

आपल्याला इतकी उपकरणं लगेच नकोत. स्लॅबचं सेंट्रिंग काढल्यावर, गिलाव्याआधी, कव्हर मीटरने छज्जे आणि बाल्कन्या तपासून नोंद ठेवणं आजही शक्य आहे. ते उपकरण बहुतेक ऑडिटरकडे असतं. कव्हर कमी निघालं तर रंगाचा थर किंवा जादा लेप तेव्हाच देता येतो, आणि त्या खर्चाचा धनी बांधणारा असतो, तीस वर्षांनंतरचा रहिवासी नव्हे. नियमाप्रमाणे पहिलं ऑडिट पंधराव्या वर्षी व्हायला हवं, त्यात उघड्या भागांतले चार-पाच तुकडे फोडून कार्बोनेशनची खोली मोजणं सक्तीचं करावं. वर्गमुळाच्या नियमाने त्या एका आकड्यावरून पुढच्या वीस वर्षांचा अंदाज कुठलाही इंजिनिअर पाच मिनिटांत काढू शकतो. आणि घर घेताना लॉबीतल्या ग्रॅनाइटची चौकशी करणाऱ्या ग्राहकाने कव्हर किती दिलं आणि किती दिवस पाणी मारलं हेही विचारावं, लेखी मागावं. ज्या दिवशी हा प्रश्न विक्री कार्यालयात नेहमीचा होईल, त्या दिवसापासून खडीच्या तुकड्याऐवजी कव्हर ब्लॉक आपोआप येऊ लागतील.